पिंजरा धुण्याच्या नोंदी

१ मार्च, शनिवार

पोहण्याच्या पूलभोवतीच्या जाळीच्या घराला आम्ही पिंजराच म्हणतो. ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद. कडेची उंची पावणेतीन मीटर, मधला कणा चारच्या आसपास. पांढऱ्या रंगाची अॅल्युमिनियमची चौकट, भिंतींना २२ खण, छताला १६. जाळी फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या तंतूंवर पीव्हीसीचा पातळ लेप. तीन वर्षं मी याला अधूनमधून नळीनं पाणी मारलं आणि त्यालाच सफाई म्हटलं. आता आतून आकाशाकडे बघितलं की आपलाच चष्मा पुसायला हवा असं वाटतं.

आज मुद्दाम काहीच धुतलं नाही. वही आणि टॉर्च घेऊन फक्त फिरले. खणांना नंबर दिले: भि-१ ते भि-२२, छ-१ ते छ-१६. बाबा खुर्चीत बसून म्हणाले, "अगं, शिरगणती चाललीय का?"

चाललीच होती. लांबून सगळा मळ सारखा दिसतो, नाक लावून बघितलं की त्याच्या जाती दिसायला लागतात. भि-१४ ते भि-१९, ही सावलीची बाजू: खालून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत हिरवं. तिथे ऊन पोचत नाही, पूलमधलं पाणी उडतं आणि बाहेरून झुडपं जाळीला टेकली आहेत, म्हणजे शेवाळाला आणखी काय हवं. छ-५, छ-६, छ-७ वर काळा थर, काजळी धरल्यासारखा. ही बुरशी असावी असं लिहून ठेवतेय. चौकटीच्या तळपट्टीवर पांढरा खडबडीत पापुद्रा. उन्हाच्या बाजूच्या खांबांवर बोट फिरवलं तर बोट पांढरं होतं. काही स्क्रूंच्या डोक्यांभोवती रंगाला फोड आलेत आणि ८-९ स्क्रूंपासून तपकिरी ओघळ खाली उतरलेत.

दाराची स्प्रिंग ढिली आहे. दार आपणहून बंद होतं, पण कडी पडत नाही. पाहणीत सापडलेली सगळ्यात गंभीर गोष्ट हीच. पूलचं दार स्वतःहून लागलंच पाहिजे, घरात लहान मूल असो वा नसो. तात्पुरता वर एक कोयंडा लावला.

२ मार्च, रविवार

कोरडं काम. कोळिष्टकं आणि धूळ आधी कोरडी काढायची, कारण ओली झाली की धुळीचा चिखल होतो आणि कोळिष्टकं जाळीच्या डोळ्यांत चिकटून बसतात. लांब दांड्याला मऊ केसांचा ब्रश बांधला, तोच जो गाडी धुवायला वापरतात. ब्रश जाळीवर दाबायचा नाही, नुसता टेकवून वरून खाली ओढायचा. कोपऱ्यांत व्हॅक्युम क्लीनरचं ब्रशवालं तोंड.

छ-११ च्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांचं कागदी पोळं होतं. दोन दिवस लक्ष ठेवलं होतं, एकही माशी नाही. काढलं. भरलेलं असतं तर हात लावला नसता.

जिथे पिंजरा घराच्या भिंतीला मिळतो तिथे एक रुंद पन्हळ आहे, घराच्या छपराचं पाणीही तिच्यातच उतरतं. तिच्यात वीतभर कुजलेली पानं निघाली आणि त्यात चक्क दोन रोपटी उगवलेली. धातूचं खुरपं न वापरता दुधाच्या प्लास्टिक कॅनचा तळ तिरपा कापून त्याची सुपली केली. धातूनं रंग खरवडला की पुढचा गंज तिथूनच सुरू होतो. शिडी पन्हळीला टेकवली नाही, घोडी, म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी राहणारी शिडी वापरली, आणि बाबांनी धरली. पन्हळीत साचलेलं पाणी इतके दिवस ओसंडून भि-१४ च्या खांबावरून खाली येत होतं, म्हणजे हिरव्याचं निम्मं कारण वर होतं.

बाहेरची झुडपं जाळीपासून हातभर मागे छाटली.

८ मार्च, शनिवार

प्रयोग. जागा: भि-२२ चा खालचा कोपरा, पंपाच्या आडोशाला, जिथे डाग पडला तरी कुणी बघणार नाही. त्यातही उरलेलं थोडं शेवाळ होतंच.

पहिला चौकोन, १० लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासायचं लिक्विड. धूळ पूर्ण गेली, हिरवं फिकं झालं, गेलं नाही. दुसरा, अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी. हिरव्यावर बेताचा परिणाम. तिसरा, साधं घरगुती ब्लीच, ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं. १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी, म्हणजे अर्धा टक्का. दहा मिनिटांत हिरवं नाहीसं, ब्रश लावावाच लागला नाही.

व्हिनेगर आणि ब्लीच एकाच दिवशी काढायचे नव्हते, हे नंतर सुचलं. चौकोन लांब होते, मधे भरपूर पाणी ओतलं, तरीही. ब्लीचला आम्ल भेटलं की क्लोरीन वायू सुटतो, अमोनियावालं काचेचं क्लीनर भेटलं तरी विषारी वायूच. आपल्या पंपाच्या खोलीत पीएच उतरवायचं आम्ल आणि पूलचं क्लोरीन एकाच फळीवर बसलेत! आजच वेगळे केले. व्हिनेगरचं काम आता पुढच्या आठवड्यात, वेगळ्या फवारणी पंपानं.

पूलच्या क्लोरीनचा कॅन घरात आहे तर ब्लीच विकत का आणायचं, हा बाबांचा प्रश्न बरोबर आहे. रसायन तेच. फक्त ते १० ते १२ टक्क्यांचं असतं, म्हणून १ भागाला १९ भाग पाणी. आणि जुना कॅन उन्हात, उकाड्यात राहिला असेल तर त्याचा जोर किती उरला ते कळायला मार्ग नाही. मी ताजं ब्लीच घेतलं.

ऑक्सिजनवाली पावडर म्हणून जी मिळते, ती सोडियम परकार्बोनेट. पाण्यात पडली की तिचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा होतो. शेवाळाला चालते, पण सोड्याचं पाणी अॅल्युमिनियमला मानवत नाही. या धातूवर ऑक्साइडचं एक पातळ कवच असतं, ते साधारण ४ ते ८.५ पीएचमध्ये टिकतं, त्याच्या अलीकडे-पलीकडे विरघळू लागतं. ब्लीचही अल्कलीच आहे, हे विसरायचं नाही. म्हणून दहा मिनिटं, त्यापुढे नाही, आणि वर मुबलक पाणी.

आता प्रेशर वॉशर. बाबांनी तो शेजाऱ्यांकडून आणूनच ठेवला होता. "एकदाच काय ते जोरात मारू आणि मोकळं होऊ." वाद घालण्यापेक्षा दाखवणं सोपं. दाराची जुनी काढलेली जाळी एका जुन्या चौकटीत रबरी दोरीसकट (जाळी चौकटीच्या खाचेत दाबून धरते ती) बसवली आणि म्हटलं, मारा. आपल्या नळीला ३-४ बार दाब असतो, त्या यंत्रावर १२० लिहिलं होतं. दोन फुटांवरून ठीक वाटलं. एक फुटावर आल्याबरोबर खाचेतली दोरी साप निघावा तशी बाहेर आली, आणि मधले धागे सरकून जाळीचे डोळे तिरळे झाले. बाबांनी मुकाट्यानं वायर गुंडाळली.

९ मार्च, रविवार

हिरवी बाजू. सकाळी सहाला सुरुवात, ऊन यायच्या आत. उन्हात द्रावण जाळीवरच वाळतं आणि त्याचे डाग बसतात.

आधी तयारी. पंप बंद. पूलजवळचे दिवे आणि सॉकेट झाकले, त्या बाजूचा स्विच मुख्य पेटीतून खाली केला. बाहेरची झुडपं आणि गवत नळीनं चिंब केलं. ओल्या मातीत आणि ओल्या पानांवर ब्लीच पडलं तर पातळ होऊन जातं, कोरड्यावर पडलं तर जाळतं. गॉगल, रबरी मोजे, जुना सदरा. सदरा जुना हवाच, माझ्या निळ्या पंजाबीवर तीन पांढरे ठिपके आहेत, ते मागच्या वर्षीच्या शहाणपणाचे.

एका वेळी दोनच खण. आधी साध्या पाण्यानं भिजवायचं, मग फवारणी पंपानं अर्ध्या टक्क्याचं द्रावण खालून वर मारायचं. वरून खाली मारलं तर कोरड्या भागावर ओघळांच्या रेघा उमटतात. दहा मिनिटं थांबायचं. ही दहा मिनिटं फार अवघड. हात शिवशिवतात, ब्रश दिसत असतो. पण घासायची गरजच नसते, हिरवं आपणहून तपकिरी होतं, मग फिकं. आठव्या मिनिटाला वाळायला लागलं तर हलका फवारा. मग नळीनं आतून बाहेर पाणी, म्हणजे मळ पूलकडे न येता बाहेर पडतो. धुणं मात्र वरून खाली, आणि द्रावण मारायला लागला त्याच्या दुप्पट वेळ. चौकटीच्या सांध्यांत आणि स्क्रूंच्या डोक्यांवर ब्लीच अडकून राहतं, तिथे नळी धरून मनात शंभर मोजले.

ब्रश फक्त चौकटीला लावला, तोही मऊ. जाळीला दोनच ठिकाणी, तळहाताचा दाब सोडून.

एक गोष्ट आज पहिल्यांदा दिसली. धुतल्यावर जाळीच्या प्रत्येक डोळ्यात पाण्याचा पडदा धरतो. नेहमीच्या जाळीत इंचाला १८ उभे आणि १४ आडवे धागे असतात, म्हणजे भोक दीड मिलिमीटरच्याही आतलं. एवढ्यात पाणी आपल्याच ताणानं टिकतं. ते तसंच वाळलं तर त्यातली धूळ आणि क्षार तिथेच राहतात आणि दुपारी जाळी पुन्हा धुरकट दिसते. उपाय हास्यास्पद सोपा: चौकटीवर मुठीनं हलके ठोके. सगळे पडदे एकदम फुटतात आणि पायावर पाऊस पडतो.

सहा खण, साडेचार तास. फरशीवर शेवाळाचं पाणी सांडलं होतं, मी एकदा घसरले, पडले नाही. पुढच्या वेळी फरशी आधी धुवायची.

१० मार्च, सोमवार

पूलची तपासणी. मोकळं क्लोरीन २ पीपीएमवरून (दहा लाख भागांत दोन भाग) १ वर आलंय, पीएच ७.४ चा ७.६. ब्लीचचे थेंब पडले असणारच, तरी क्लोरीन कमी झालं, कारण शेवाळाचे कण पाण्यात आले की ते त्यांच्यावर खर्च होतं. जाळ्यानं गाळ काढला, टोपली रिकामी केली, रात्रभर फिल्टर. साबणाचं पाणी मात्र पूलमध्ये जाऊ द्यायचं नाही, त्याचा फेस दिवसचे दिवस छळतो.

१५ मार्च, शनिवार

काळ्या खणांचा दिवस, आणि मी चुकले होते ते कळण्याचा.

छ-६ वर तेच अर्धा टक्का ब्लीच मारलं. काळं राखाडी झालं, पण बोट लावलं तर चिकट. बुरशी मेली तर चिकटपणा कशाचा? मग खाली बघितलं. छ-६ च्या बरोब्बर खाली आरामखुर्ची आहे, तिचा हातही चिकट. मी इतके दिवस सरबत सांडलं म्हणून सगळ्यांना बोलत होते. मान वर केली तर वरून झाडाची फांदी छ-५ ते छ-७ वर आलेली. बाहेर जाऊन बघितलं, खोडावर मुंग्यांची रांग, वर-खाली, वर-खाली.

मुंग्या मावा, म्हणजे पानांवरचे बारीक किडे, राखतात. मावा पानांतला रस पितो आणि पचलेली नाही ती साखर गोड, चिकट थेंबांच्या रूपात टाकतो. मुंग्यांना ती हवी असते, म्हणून त्या माव्याला शत्रूंपासून सांभाळतात. उरलेली साखर खाली सांडते, आणि तिच्यावर काळी बुरशी वाढते. ती बुरशी पानात शिरत नाही, जाळीतही नाही, ती फक्त साखरेवर जगते. म्हणजे मी मारत होते ते बुरशीला. तिची शिदोरी वर शाबूत होती.

कोमट साबणाचं पाणी घेतलं. साखर ब्लीचनं जात नाही, कोमट पाण्यानं सुटते. ओला मऊ मॉप लांब दांड्याला लावून छ-५ खालून टिपला, पंधरा मिनिटं तसाच भिजू दिला, परत टिपला. दुसऱ्या फेरीला काळं मॉपवर आलं, जाळी मोकळी. ज्याला मी सगळ्यात कठीण डाग म्हटलं होतं त्याला साबण पुरला.

छतावर कुणी चढणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. जाळी माणसाचं वजन घेत नाही, आणि छताच्या पट्ट्या माणसाला पेलण्यासाठी बनवलेल्या आहेत की नाही हे आपल्याला कुणी लिहून दिलेलं नाही.

मग झाड. पिंजऱ्यावर आलेली फांदी मागे कापली. उरलेल्या पानांना खालच्या बाजूनं नळीचा जोरदार फवारा, मावा तसाच गळून पडतो. बाबा पानं उलटी करून बघत होते. "इथे लेडीबर्ड आहेत बघ, लाल ठिपकेवाल्या. औषध मारू नकोस, या खातील." बरोबर. त्या मावा खातात, त्यांच्या अळ्या तर त्याहून जास्त. खोडावर कापडाची पट्टी बांधून तिच्यावर चिकट लेप लावला, मुंग्यांसाठी.

१६ मार्च, रविवार

पांढऱ्याचा निकाल. आज फक्त व्हिनेगर, ब्लीचचा डबा घराच्या दुसऱ्या टोकाला.

तळपट्टीवरच्या पापुद्र्यावर थेंब टाकला: फसफसलं. चुना. पूलचं पाणी उडतं, वाळतं, कॅल्शियमचे क्षार राहतात. अर्ध्याअर्ध्या व्हिनेगरमध्ये बुडवलेली चिंधी पाच मिनिटं ठेवून पुसलं, पुन्हा पाणी. तीन फेऱ्यांत गेला. नखानं खरवडायचा मोह टाळला.

स्क्रूंजवळच्या फोडांवर थेंब टाकला: काहीच नाही. तो चुना नाही, अॅल्युमिनियमचा पांढरा गंज आहे. त्यासाठी वेगळा दिवस.

बोटाला लागणारी पूड तिसरीच. उन्हानं रंगाचा वरचा थर मरतो आणि त्याची पूड होते. साबणानं धुतलं, मऊ फडक्यानं पुसलं, गाडीला लावतात ते मेण दोन खांबांवर लावून बघितलं. सहा महिन्यांनी तुलना करायची.

१९ मार्च, बुधवार

रात्री पाऊस. सकाळी तळपट्टीत तीन ठिकाणी पाणी उभं. पट्टीच्या खालच्या कडेला निचऱ्याची छोटी भोकं असतात, ती मातीनं बुजलेली. प्लास्टिकच्या झाडूच्या काडीनं मोकळी केली. पाच मिनिटांचं काम.

२२ मार्च, शनिवार

भि-३ फाटला. माझ्याच हातून. उन्हाची बाजू आहे, लेप कडक झाला असणार, ब्रशचं प्लास्टिकचं कानाकोपऱ्याचं टोक अडकलं आणि टर्रकन वीतभर चीर. कडेच्या जाळीला बोटानं वाकवून बघितलं तर पांढरी रेघ उमटली आणि धागा तुटला. म्हणजे ती जाणारच होती, मी फक्त तारीख ठरवली. बाकी उन्हाकडचे खणही असेच बोटानं तपासले: भि-२ आणि भि-५ यंदा निघतील.

जुनी दोरी काढणं. छोट्या स्क्रूड्रायव्हरनं एक टोक उचललं, पण रबर हाडासारखं कडक, चार-चार बोटांचे तुकडे होऊन निघालं. एका तुकड्याचा व्यास मोजला, ३.६ मिलिमीटर. त्याच मापाची नवी दोरी मागवून ठेवली होती.

जाळी चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर जास्त कापली. विणीची रेघ चौकटीला समांतर ठेवून वरच्या बाजूपासून सुरुवात. या कामाच्या छोट्या हत्याराला दोन चाकं असतात: एकाची कड फुगीर, त्यानं जाळी खाचेत बसवायची, दुसऱ्याला मधे खोबण, त्यानं दोरी दाबायची. वरची बाजू झाली, दोन उभ्या झाल्या, खालची झाली. अभिमानानं मागे सरकून बघितलं तर मधली चौकट आत वाकलेली. जाळी डमरूसारखी ताणली होती मी. हातानं ताणायचीच नसते, दोरी खाचेत जाताना ती आपोआप ताण घेते.

आणि संध्याकाळी वाऱ्यात खालची बाजू सुटून फडफडायला लागली.

२३ मार्च, रविवार

दोरी बारीक होती. जुनं रबर वर्षानुवर्षं वाळून आकसतं, मी आकसलेल्याचं माप घेतलं. मोजायला हवी होती खाच. ४.१ ची दोरी आणली, ती अंगठ्यानं जात नाही, चाकानंच जाते, अशीच हवी. भि-३ पुन्हा केला, यावेळी जाळी नुसती टेकवून. उरलेली कड धारदार पात्यानं कापताना पात्याचं तोंड चौकटीच्या बाहेर, जाळीकडे नाही. बाबांनी खणावर टिचकी मारली. "आता झाला."

२९ मार्च, शनिवार

स्क्रू. ज्यांच्यापासून तपकिरी ओघळ येतात ते साध्या लोखंडाचे, वरचा जस्ताचा मुलामा गेलेला. ते एकेक करून बदलले: एक काढायचा, त्याच जाडीचा आणि लांबीचा स्टेनलेसचा बसवायचा, मगच पुढचा. दोन एकदम काढायचे नाहीत, चौकट त्यांच्यावरच उभी आहे. छताच्या मुख्य सांध्यांतले दोन स्क्रू गंजलेत, त्यांना मी हात लावला नाही. ते काम जाणकाराचं.

स्टेनलेस आणि अॅल्युमिनियमही एकमेकांचे सख्खे नाहीत. दोन वेगळे धातू टेकले आणि मधे खारं किंवा क्लोरीनचं पाणी आलं की त्यांची बॅटरी बनते, आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. रंगाला फोड येतात ते याच कारणानं. म्हणून प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनची चकती आणि आट्यांवर बोटींवर वापरतात तसलं ग्रीस. फोड आलेली जागा बारीक पॉलिश पेपरनं धातू दिसेपर्यंत घासली, पुसली, प्रायमर, मग रंग. लोखंडी वूल अजिबात नाही, त्याचे कण रुततात आणि महिन्याभरात गंजतात.

पंपाजवळच्या खांबाच्या पायथ्याशी जाड उघडी तांब्याची तार चिमट्यात धरलेली आहे, हिरवट पडलेली. बाबा ती घासून चकचकीत करायला निघाले होते. "बाबा, तिला हात लावू नका!" ती तार पिंजरा, पंप आणि पूलमधला बाकीचा धातू एकत्र जोडते, म्हणजे वीज गळली तरी दोन धातूंमध्ये फरक राहत नाही आणि ओल्या माणसाला झटका बसत नाही. चिमटा सैल वाटतोय. इलेक्ट्रिशियनला बोलावलं आहे, त्यानं मोजून सांगेपर्यंत पूल बंद.

दार: नवी स्प्रिंगवाली बिजागरी, दोन्ही. सिलिकॉनचा फवारा मारला, तेल नाही, तेलावर धूळ बसून मळी होते. कडीची जागा वर सरकवली, आता ती जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर आहे. दार तळहाताएवढं उघडून सोडलं, पूर्ण उघडून सोडलं, वीस वेळा. वीसही वेळा कडी पडली.

५ एप्रिल, शनिवार

तारेचा चिमटा परवा बदलून झाला, मोजणी ठीक आली.

उरलेलं छत. पूलवर मळ पडू नये म्हणून यावेळी पातळ प्लास्टिकचा कागद पसरला, दोरीनं ताणून. कल्पना वाईट निघाली. अर्ध्या तासात कागदावर घाणेरड्या पाण्याचं तळं झालं, मधोमध खाली गेलं आणि कड बुडून सगळं एकदम पूलमध्ये. शिवाय असा कागद पसरलेला असताना कुणी त्यावर पाय दिला तर तो गुंडाळला जातो, बाहेर येणं मुश्कील. लगेच काढला. पुढे एकेक खण ओल्या, पिळलेल्या मॉपनं टिपत गेले, वाहतं पाणी अगदी शेवटी आणि थोडंच. हळू झालं, पण पूल स्वच्छ राहिला. नऊ खण, दोन सकाळी.

२६ एप्रिल, शनिवार

हिरवं परतलं नाही. पन्हळ पुन्हा रिकामी केली, यावेळी मूठभरच पानं. दर आठवड्याला कोरडा ब्रश, महिन्यातून एकदा साध्या पाण्याची नळी, हे कॅलेंडरवर लिहिलं. भि-२ आणि भि-५ च्या जाळ्या बाबांनी एकट्यानं बदलल्या, मला उठवलंही नाही. भि-५ ची वीण किंचित तिरकी आहे. बोलले नाही.

७ जून, शनिवार

सकाळी आरामखुर्चीचा हात चिकट. छ-६ खालून बघितला, अजून काळं नाही, पण उन्हात बारीक चमकणारे थेंब. बाहेर जाऊन खोडावरची पट्टी बघितली: वाळकी पानं चिकटून तिचा सेतू झालाय, आणि मुंग्या त्यावरून आरामात चालल्यात. पट्टी बदलली. मॉप कोपऱ्यातच ठेवला, आधी झाडाला नळी.